मुद्देमालाचा प्रवास

पंचनाम्याची सुरुवात बहुधा चतुःसीमेने होते. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस सार्वजनिक रस्ता, उत्तरेस पडीक जागा, दक्षिणेस नाला. मग दरवाजा कोणत्या दिशेला उघडतो, कडी आतून होती की बाहेरून, दिवा चालू होता का, मृताचे डोके कोणत्या दिशेस आणि पाय कोणत्या. ही भाषा वाचायला रूक्ष वाटते, आणि ती तशीच असायला हवी. सत्र न्यायालयात काही वर्षांनी उलटतपासणी सुरू होते तेव्हा त्या खोलीत परत जायची वाट याच कागदातून जाते. खोली तोवर धुतलेली असते, रंगवलेली असते, कदाचित दुसऱ्या बिऱ्हाडाला भाड्याने दिलेली असते. ‘पलंगापासून चार फुटांवर रक्ताचा डाग’ असे कागदावर असेल तर डाग तिथे राहतो. लिहिलेले नसेल तर तो होता हे कोर्टाला पटवून देणे फार अवघड जाते.

गुन्ह्याच्या तपासाचे जे चित्र मालिका आणि चित्रपटांनी आपल्या मनात उभे केले आहे, त्यात प्रयोगशाळा मधोमध असते. पांढऱ्या कोटातला शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून पाहतो आणि गुन्हेगाराचे नाव सांगतो. प्रत्यक्षात शास्त्रज्ञ फार उशिरा येतो. त्याच्या टेबलावर एक सीलबंद पाकीट येते आणि त्यात जे आहे त्याविषयीच त्याला बोलता येते. पाकिटात काय असेल, कोणत्या अवस्थेत असेल आणि ते खरोखर त्याच खोलीतून आले का, हे सगळे त्याच्या आधी ठरून गेलेले असते. ते ठरवणारी माणसे म्हणजे बीटवरचा हवालदार, पंचनामा लिहिणारा अंमलदार, मुद्देमाल कारकून आणि एसटीने पाकीट घेऊन जाणारा शिपाई. या प्रकरणाचा विषय ही माणसे आणि त्यांचे काम हा आहे.

घटनास्थळी पहिला पोहोचतो तो क्वचितच अधिकारी असतो. ११२ वर फोन आला की जवळचा बीट मार्शल किंवा चौकीतला हवालदार जातो. ठाण्याचा अधिकारी मागाहून येतो, ठसेतज्ज्ञ आणि श्वान पथक त्याहून उशिरा, आणि न्यायवैद्यक पथक अंतरावर अवलंबून. त्या पहिल्या माणसाचे पहिले कर्तव्य पुराव्याशी संबंधित नाही: जखमी जिवंत असेल तर त्याला दवाखान्यात पोहोचवायचे. त्यात ठसे पुसले गेले, वस्तू हलल्या, तरी हरकत नाही. फक्त काय हलवले आणि कुठून कुठे, हे लक्षात ठेवून नंतर नोंदवायचे. त्यानंतरचे काम सांगायला सोपे आहे. कोणाला आत सोडायचे नाही, आत-बाहेर करायला एकच वाट ठरवायची, आणि जो आत जाईल त्याचे नाव, वेळ आणि कारण लिहून ठेवायचे.

करायला ते किती कठीण आहे हे आपल्याकडच्या एखाद्या वाड्यात किंवा वस्तीत मृत्यू पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. पोलीस येईपर्यंत अर्धी आळी आत येऊन गेलेली असते. कोणी मृताच्या अंगावर चादर घातलेली असते, कोणी डोळे मिटलेले असतात, कोणी गळफास सोडवून देह खाली घेतलेला असतो. घरातल्या बाईने फरशीवरचे रक्त पुसून काढलेले असते. यात लपवाछपवी असतेच असे नाही. लेकराला त्या अवस्थेत लोकांनी पाहू नये असे आईला वाटते, आणि तिच्याकडून दुसरी कोणतीही अपेक्षा करणे माणुसकीला धरून नाही. म्हणून तपास करणाऱ्याने तिच्यावर ओरडायचे नसते. कोणत्या फडक्याने पुसले, ते फडके कुठे आहे, बादलीतले पाणी कुठे ओतले, हे शांतपणे विचारायचे असते. पुसलेल्या रक्ताचाही माग लागतो, विचारणाऱ्याने नीट विचारले तर.

जास्त नुकसान करतात ती वर्दीतली आणि पांढऱ्या कपड्यांतली मोठी माणसे. गुन्हा गाजणारा असला की वरिष्ठांच्या भेटी सुरू होतात, मागून लोकप्रतिनिधी, त्यांच्या मागून कॅमेरे. दारात उभ्या असलेल्या हवालदाराने कोणाला अडवायचे? कागदावर त्याला तो अधिकार आहे, पण तो वापरला तर त्याच्या मागे कोण उभे राहील याची त्याला खात्री नसते. आपल्या पोलीस व्यवस्थेतला हा मला सर्वांत काळजीचा भाग वाटतो. पिवळी फीत कुठेही विकत मिळते. तिच्या आत पाय न ठेवणारा अधीक्षक असेल, तरच हवालदार आमदाराला बाहेर थांबवू शकतो.

या पहिल्या तासांतल्या ढिलाईचे मोल देशाने नोएडात पाहिले. १६ मे २००८ च्या सकाळी एका सदनिकेत शाळकरी मुलीचा मृतदेह सापडला. घरातला नोकर दिसत नव्हता, म्हणून संशय त्याच्यावर गेला आणि त्याचा शोध बाहेर सुरू झाला. घरात नातेवाईक, शेजारी, पत्रकार यांची ये-जा चालू होती. वर गच्चीच्या दाराला कुलूप होते आणि तिथे रक्ताच्या खुणा होत्या, तरी त्या दिवशी कुलूप तोडले गेले नाही. दुसऱ्या दिवशी ते तोडले तेव्हा ज्याला पळून गेलेला खुनी समजले जात होते त्या नोकराचाच मृतदेह गच्चीवर मिळाला. त्यानंतर राज्य पोलीस, सीबीआयची एक तुकडी, मग दुसरी, खटला, जन्मठेप, आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात आरोपींची निर्दोष सुटका. दोन माणसांचा जीव कोणी घेतला याचे कायदेशीर उत्तर आजही नाही. पुढे कितीही हुशार तपासी अंमलदार आला तरी १६ मेची सकाळ त्याला परत मिळणार नव्हती.

गुन्हेगारांनाही या पहिल्या तासांचे महत्त्व कळते. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातल्या मारेकऱ्यांनी, १९७६ साली, पोलिसी कुत्र्यांना वास लागू नये म्हणून घटनास्थळी अत्तर शिंपडले होते. ती चौघेही चित्रकलेची मुले होती आणि पुढे फासावर गेली. वासाचा माग पुसता आला, पण नायलॉनच्या दोरीने गळा आवळण्याची त्यांची तऱ्हा गुन्ह्यागणिक तीच राहिली आणि तिने एका खुनाचा दुसऱ्याशी धागा जोडला.

फ्रान्समधल्या लियाँ शहरात १९१० साली पोलिसांसाठी प्रयोगशाळा उभी करणाऱ्या एडमंड लोकार्डच्या नावाने एक तत्त्व ओळखले जाते: दोन गोष्टींचा स्पर्श झाला की दोन्हींवर एकमेकींचा अंश राहतो. तपासाच्या पुस्तकांत हे तत्त्व पहिल्या पानावर असते. त्याची दुसरी बाजू मात्र कमी वेळा सांगितली जाते. आत गेलेला पोलीस, फोटोग्राफर, डॉक्टर, पंच, सगळेच काहीतरी ठेवून येतात आणि काहीतरी घेऊन जातात.

याचे सर्वांत विलक्षण उदाहरण जर्मनीतले आहे. हाइलब्रॉन शहरात २००७ साली एका महिला पोलिसाचा खून झाला. तिच्या गाडीत मिळालेले डीएनए एका अज्ञात स्त्रीचे होते. तेच डीएनए १९९३ पासूनच्या कितीतरी गुन्ह्यांत मिळाले होते: खून, घरफोड्या, वाहनचोऱ्या. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स, सगळीकडे ही एकच बाई. तिला पकडण्यासाठी मोठे बक्षीस लागले, पथके नेमली गेली. २००९ मध्ये उलगडा झाला. नमुना घ्यायला वापरायचे कापसाचे बोळे ज्या कारखान्यातून येत होते, तिथे काम करणाऱ्या एका स्त्रीचे ते डीएनए होते. बोळे निर्जंतुक होते, पण निर्जंतुक करण्याने जंतू मरतात, डीएनए नाहीसे होत नाही. प्रयोगशाळेने प्रत्येक वेळी उत्तर बरोबरच दिले होते. तिच्याकडे आलेली वस्तूच बिघडलेली होती.

आता खोलीत येऊ. काहीही उचलण्याआधी फोटो: आधी सगळी खोली दिसेल असा, मग वस्तू आणि तिच्या आसपासचे, मग पट्टी शेजारी ठेवून अगदी जवळून. सोबत हाताने काढलेला कच्चा नकाशा, त्यात दोन न हलणाऱ्या ठिकाणांपासून प्रत्येक वस्तूचे अंतर. कॅमेरा असताना नकाशा कशाला, असे नव्या अंमलदाराला वाटते. पण फोटोत अंतरे फसवी दिसतात, आणि कोर्टात नेमका अंतराचाच प्रश्न येतो.

आपल्या पंचनाम्यांत एक जुने शब्दप्रयोगाचे जोडपे दिसते: ‘रक्तमिश्रित माती आणि साधी माती’. दोन वेगळ्या पुड्या, दोन वेगळी सीले. साधी माती कशासाठी? डाग नसलेली त्याच जागची माती शेजारी असली, तरच डाग असलेल्या मातीत जे मिळाले ते रक्ताबरोबर आले की आधीपासून जमिनीत होते हे सांगता येते. प्रयोगशाळेत ज्याला नियंत्रण नमुना म्हणतात तो आपल्या हवालदारांनी पिढ्यान्‌पिढ्या असा पुडीत बांधून पाठवला आहे.

मग वेष्टन. इथे सर्वाधिक पुरावा मरतो, आणि तो हेतूने नव्हे तर प्लॅस्टिकच्या पिशवीने. रक्ताने भिजलेला शर्ट पिशवीत घालून गाठ मारली की आतल्या ओलाव्यात बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि काही दिवसांत डीएनएचे तुकडे करून टाकतात. कपडा सावलीत, प्रत्येक कपडा वेगळा, कागदावर पसरून वाळवायचा आणि कागदाच्याच पाकिटात ठेवायचा. उन्हात नाही, कारण उन्हानेही डीएनए खराब होते. जळिताच्या राखेचा नियम मात्र अगदी उलटा: पेट्रोल किंवा रॉकेलचा संशय असेल तर कागद चालत नाही, हवाबंद डबा लागतो, नाहीतर पुरावा उडून जातो. विषबाधेत शवविच्छेदन करणारा डॉक्टर जठर, आतड्याचा भाग, यकृत आणि मूत्रपिंड साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतो. सवयीने फॉर्मॅलिन ओतले तर अवयव टिकतात, पण कित्येक विषांचा शोध लागणे कठीण होऊन बसते. गोळीबारात हातावर बसलेली शिसे, बेरियम आणि अँटिमनीची धूळ काही तासांतच झडून जाते किंवा धुतली जाते, म्हणून मृताच्या हातांना कागदी पिशव्या बांधाव्या लागतात. कागदावरचे बोटांचे ठसे निनहायड्रिनने जांभळे उमटतात. त्याआधी तो कागद दहा जणांनी हाताळून पाहिला तर दहा जणांचे ठसे मिळतात. सीसीटीव्हीच्या यंत्रातले घड्याळ बरोबर चालतच असेल असे नाही, म्हणून जप्तीच्या वेळी त्याची वेळ आणि खरी वेळ शेजारी शेजारी लिहून घ्यावी लागते. ही एक ओळ राहून गेली तर आरोपी त्या वेळी दुसऱ्या गावी होता असे दाखवणे सोपे जाते.

ठशांच्या इतिहासात आपल्या देशाचे नाव मोठे आहे. कोलकात्यात १८९७ साली ठसे विभाग सुरू झाला. एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगभर गेलेल्या वर्गीकरणामागचे बरेचसे काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अंमलदारांचे होते. पुढच्याच वर्षी जलपैगुडीच्या एका चहामळ्याचा व्यवस्थापक मारला गेला. त्याच्या सामानातल्या एका बंगाली पंचांगावर तपकिरी डाग होता, आणि तो पूर्वी शिक्षा झालेल्या त्याच्या जुन्या नोकराच्या अंगठ्याशी जुळला. कोर्टाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनाबद्दल नाही. ठसा तो तिथे होता एवढेच सांगत होता, आणि न्यायाधीश तेवढ्यावरच थांबले. मला या खटल्यात ठशाइतकेच महत्त्वाचे वाटते ते पंचांग. कोणीतरी ते जपून उचलले आणि आणखी कोणाचा हात लागू न देता कोलकात्याला पाठवले.

पाकीट बंद झाले की त्यावर पंचांच्या आणि अंमलदाराच्या सह्यांचे लेबल, गुन्हा रजिस्टर नंबर, तारीख, दोऱ्याची गाठ आणि तिच्यावर लाख. त्याच शिक्क्याचा नमुना वेगळ्या कागदावर प्रयोगशाळेला जातो. तिथला कर्मचारी पाकिटावरची लाख नमुन्याशी ताडून पाहतो, आणि सील शाबूत असल्याची नोंद झाल्यावरच पाकीट उघडले जाते. ठाण्यात आल्यावर ते मुद्देमाल रजिस्टरला चढते आणि कारकुनाच्या ताब्यात जाते. मुद्देमालाची खोली ज्याने पाहिली आहे त्याला ती विसरता येत नाही. कोयते, गॅस सिलिंडर, दारूचे कॅन, सायकली, साड्यांची गाठोडी, आणि त्यांतच कुठेतरी एका मुलीचे कपडे असलेले पाकीट. पावसाळ्यात भिंतीला ओल, उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी. या खोलीत पाकीट किती दिवस राहिले, कोणी काढले, कोणी परत ठेवले, हे रजिस्टर सांगते. नसेल सांगत, तर बचावाचा वकील विचारतो, आणि तो विचारणारच. ते त्याचे काम आहे.

नोएडाच्या खटल्यात एका उशीच्या अभ्र्यावरून असाच गुंता झाला. हैदराबादच्या प्रयोगशाळेच्या अहवालानुसार मृत नोकराचे डीएनए अशा अभ्र्यावर होते, जो दुसऱ्याच माणसाच्या खोलीतून जप्त झाला होता. नंतर खुलासा आला की दोन अभ्र्यांची वर्णने टंकलेखनात अदलाबदल झाली. हे खरे की ते खरे यावर वर्षानुवर्षे वाद चालला. लेबलावरच्या एका ओळीवर माणसांचे आयुष्य टांगलेले होते.

महाराष्ट्रातले उदाहरण याहून वेदनादायक आहे. २०१० साली ठाणे जिल्ह्यात सहा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. खालच्या न्यायालयाने आरोपीला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. डीएनएचा अहवाल त्याच्या विरोधात होता, पण नमुने प्रयोगशाळेकडे पाठवायला विलंब झाला होता आणि त्याचे कारण नोंदलेले नव्हते. दुसऱ्यांदा नमुना का घेतला हे कोणी सांगू शकले नाही. मधल्या काळात ते कोणाच्या ताब्यात होते याची साखळी जुळत नव्हती. तपासी अधिकारी बदलत गेले होते. आरोपीचे निवेदन मराठीत लिहिले होते आणि त्याला त्याच्या भाषेत ते समजावून दिल्याचे दिसत नव्हते. तो निर्दोष असेल तर निरपराध माणूस फाशीच्या छायेत वर्षानुवर्षे राहिला. दोषी असेल तर मुलीला न्याय मिळाला नाही. कोणते खरे, हे सांगू शकणारा पुरावा आपणच निरुपयोगी करून ठेवला. तिच्या आईवडिलांना यावर काय सांगायचे याचा विचार मनातून जात नाही.

कायदा आता बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन नमुने घेणे आणि त्याचे चित्रीकरण होणे बंधनकारक होणार आहे. तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण तर आताच करावे लागते, मोबाइलवर केले तरी चालते. याचा सर्वांत मोठा आधार मला पंचांना होईल असे वाटते. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला थांबवून पंच व्हायला सांगितले की तो हात जोडतो. कित्येक वर्षांनी समन्स येते, कामाचा दिवस बुडतो, आरोपीची माणसे दारात भेटतात. मग तो कोर्टात ‘माझी फक्त सही घेतली’ म्हणतो आणि फितूर ठरतो. त्यामुळेच ठाण्याभोवती वावरणाऱ्या ठरावीक पंचांची प्रथा पडली, आणि तेच नाव पाचव्या खटल्यात दिसले की न्यायाधीश साहजिकच संशय घेतात. चित्रीकरणात तो तिथे उभा दिसला तर त्याच्या एकट्याच्या आठवणीवर सगळा भार राहत नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या एका खटल्यात आणखी पुढे जाऊन सगळ्या राज्यांना सांगितले: डीएनएचा नमुना घेतल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, प्रत्येक हाताची नोंद असलेले ताब्याच्या साखळीचे रजिस्टर ठेवले पाहिजे, ते खटल्याच्या कागदपत्रांना जोडले पाहिजे, आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट पुन्हा उघडता कामा नये. उशीर झाला तर कारण केस डायरीत लिहायचे.

आदेश योग्य आहे आणि तो पाळला गेला पाहिजे. मुंबईत कलिनाची प्रयोगशाळा काही तासांवर आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, अमरावती, नागपूर इथेही प्रयोगशाळा आहेत. पण गडचिरोलीतल्या भामरागडहून नागपूर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. जुलै महिन्यात तिथे अत्याचाराची तक्रार घेऊन एखादी मुलगी आली, तर ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरकडे योग्य बोळे आणि कागदी पाकिटे असली पाहिजेत, वीज गेली तरी चालणारा फ्रिज ठाण्यात असला पाहिजे, त्याचे तापमान रोज लिहिणारा कारकून पाहिजे, आणि पाणी उतरताच निघायला गाडी पाहिजे. शिपाई पाकीट घेऊन गेला की त्याचा बंदोबस्त दुसऱ्या कोणाला तरी करावा लागतो, म्हणजे ठाण्यात तेवढी माणसे पाहिजेत. राज्याने यासाठी फिरत्या प्रयोगशाळांच्या गाड्या घेतल्या आहेत. भामरागडच्या पुराआधी, जूनमध्येच, त्यांपैकी एक नदीच्या पलीकडे नेऊन ठेवता येईल.